ओळीने तीन उत्तरं
सोनचाफ्याच्या वासाने मला तिसऱ्या शाळेचं ऑफिस आठवतं. दोन शाळांनी माझ्या आठ वर्षांच्या बहिणीला नाकारलं होतं, म्हणून आईने महिनाभर तिच्याकडून तीन उत्तरं घोकून घेतली: नाव, वडिलांचं नाव, गाव. मुख्याध्यापिका सिस्टरना वाडीतला चाफा देऊन आई उभी राहिली. सिस्टरनी आधी गाव विचारलं. बहिणीने स्वतःचं नाव सांगितलं. नाव विचारल्यावर वडिलांचं, वडिलांचं विचारल्यावर आमचं गाव, निर्मळ. “ओळीने विचारा ना सिस्टर, सगळं येतं तिला.” “वर्गात साठ मुली आहेत, बाई. ओळीने कोण विचारणार?” “मग विचारूच नका. नुसती मागे बसू दे.” सिस्टरनी फुलं आईला परत दिली. बहीण आता साठीला आली आहे; दारात कोणीही आलं, की न विचारता ती तिन्ही उत्तरं ओळीने सांगते.