अनुदानातली शेळी

परंड्याहून सोनारीकडं जाताना रस्ता सोडून थोडं आत वळलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, पुढं व्हरांडा, अंगणात लिंबाचं झाड. शिक्षक दोनच. एक मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, आणि दुसरी मी. माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचं. लग्न होऊन परंड्यात आले आणि तेव्हापासून रोज स्कूटीवर ये-जा करते.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. उंच, काटक आणि बोलायला फटकळ. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली की घरच्या शेळ्या हिच्या गळ्यात, आणि मग शाळा बुडायची. एके दिवशी मात्र ती आली ती शेळीच घेऊन. काळीभोर, लोंबत्या कानांची शेळी, आमच्या जिल्ह्यात जिकडंतिकडं दिसते तशी.

"मॅडम, बाकीच्या चुलतीकडं दिल्यात. पर ही लई वांड हाय, कुनाच्या बी तुरीत शिरती. बांधू का हितं?"

मी म्हटलं, बांध.

मी त्या दिवशी लांबी-उंची शिकवत होते. भिंतीवर छान रंगीत तक्ता लावलेला. पण वर्गातली एक मान तक्त्याकडं वळेल तर शपथ. सगळे खिडकीतून शेळीकडं बघत होते. शेवटी मी हात टेकले आणि अख्खा वर्ग बाहेर काढला. म्हटलं, चला, हिचीच उंची मोजा. मग काय विचारता! एकानं पट्टी धरली, दुसऱ्यानं शिंगं धरली, आणि लगेच भांडण सुरू झालं की उंची डोक्यापर्यंत धरायची की पाठीपर्यंत. शेळी मान वर करायची तसं उत्तर बदलायचं. कधी तोंड न उघडणारी दोन पोरंसुद्धा तावातावानं भांडत होती. दुपारची सुट्टी झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

पुढं काही दिवसांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला. पुण्यातली एक संस्था सरकारी शाळांतल्या शिक्षकांना मुलांच्या नव्या उपक्रमासाठी अनुदान देणार होती. इतर शाळांनी टॅब मागितले, टीव्ही मागितले, कुणी रोबोटचं साहित्य मागितलं. मी शेळी मागितली.

गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"मॅडम, वरच्या साहेबांनी विचारलं की शाळेत नवीन काय आलं, तर मी काय सांगू? शेळी आली?"

"सांगा की गुरुजी. शेळी, वजनकाटा, मोजपट्ट्या, थर्मामीटर आणि भिंगं."

"शेळी पहिली सांगू की शेवटची?" असं म्हणत त्यांनी सही केली.

मुलाखत फोनवरून व्हायची होती, समोरच्यांचे चेहरे दिसतील अशी. आमच्या शाळेत नेटवर्क येतं ते फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. तिथं मी खुर्ची टाकून बसले. ऊन इतकं, की फोनचा पडदा दिसेना. म्हणून गुरुजी माझ्यामागं छत्री धरून उभे राहिले. पलीकडच्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. देवीच्या पालखीवर धरतात तसं दिसलं असावं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "आणि शेळी मेली तर तुमच्या प्रकल्पाचं काय?"

मागून गुरुजीच बोलले, "साहेब, टॅब बंद पडला तर आम्ही कपाटात ठेवतो. शेळी आजारी पडली तर पोरं घरी जाणार नाहीत. तेवढं बघा."

अनुदान मंजूर झालं. मला वाटलं, आता आनंदीआनंद. पण पालकसभेत भलतंच घडलं. काहीजण हसले, काहींनी शेणाचं आणि वासाचं विचारलं, तेवढं अपेक्षित होतंच. मग शेवटच्या रांगेतून त्या मुलीचे वडील उठले. मोजकं बोलणारा माणूस. सभेला यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"मॅडम, राग मानू नका. आमच्या सात पिढ्या शेळीमागं गेल्या. म्या म्हनलं, ही एक तरी सुटंल. म्हनून शाळत घातली. आन् तुमी शाळतच शेळी बांधताय? मग घरीच काय वाईट हुती ती?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या मुलीवरून मला हे सुचलं, तिच्याच बापाच्या काळजावर मी पाय दिला होता. माझा अर्ज, माझी उद्दिष्टं, सगळं त्या क्षणी मला फार हलकं वाटायला लागलं.

गुरुजी उठले. त्यांच्या जवळ जाऊन उभे राहिले.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "घरी ती एकटी शेळी राखते आणि बाकीची पोरं शाळेत बसतात. इथं तसं नाही होणार. इथं शेण सगळे काढतील. सरपंचांचा नातू काढेल, बागायतदारांची लेक काढेल, पोरगा-पोरगी असा भेद नाही. आणि पुस्तक उघडायची वेळ झाली की सगळे एकदम उघडतील. तुमची लेक शेळीसाठी एक तास जरी वर्गाबाहेर राहिली, तर त्या दिवशी शेळी तुमच्या दावणीला आणून बांधतो."

सरपंच पुढच्याच रांगेत बसले होते. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडं वळले. ते जरा घुटमळले, मग हसून म्हणाले, "काढंल की. घरी ताट उचलत न्हाय, हितं तरी शिकंल."

लोक हसले. मुलीचे वडील हसले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले आणि बसले.

पण शेळी घ्यायला परंड्याच्या बाजारात निघालो, तर हा माणूस फाट्यावर आधीच येऊन उभा. "गुरुजींना शेळीतलं काय कळतंय, कुनीबी गंडवंल," असं म्हणून रिक्षात चढून बसले. बाजारात त्यांनी आम्हाला तासभर उन्हात फिरवलं. एका शेळीचे दात बघितले, दुसरीची कास, तिसरीला नुसतं चालवून बघितलं. मला पहिलीच आवडली होती, पण मला कुणी विचारलं नाही. शेवटी पसंत पडली ती एक तरुण, गाभण शेळी. परत येताना तिची मान त्यांच्या मांडीवर होती.

शेळीच्या नावावरून वर्गात आठवडाभर गोंधळ. पहिलीवाल्यांना एक नाव हवं, पाचवीला दुसरं. मतदान घेतलं तर बरोबरी झाली. परत घेतलं, तर हरलेल्यांनी निकाल मानला नाही. शेवटी नाव राहिलंच. सगळे तिला 'शाळेची' म्हणायला लागले. "शाळेचीनं पाणी पिलं का?" "शाळेची आज रुसलीय." असं.

दर सोमवारी वजन व्हायचं. ती काट्यावर उभी राहायला तयार नसायची. मग गुरुजी तिला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि नंतर एकटे. वजाबाकी पहिलीच्या पोरांनाही यायला लागली. चारा किती खाल्ला, शेवरी आवडते की तुरीचं भुसकट, ताप कसा बघायचा, लस कशासाठी. दवाखान्यातले पशुवैद्य आले की पोरं त्यांना भंडावून सोडायची. सरपंचांचा नातू पहिले दोन दिवस नाक दाबून झाडायचा. पुढं त्याला दुसऱ्या कुणी झाडलेलं पटेनासं झालं. सगळं सुरळीतच होतं असं मात्र नाही. एकदा दोर सुटला आणि तिनं माझा लांबी-उंचीचा तो रंगीत तक्ता अर्धा खाल्ला. गुरुजी म्हणाले, "एवढ्या आवडीनं तो आजवर कुणीच घेतला नव्हता."

थंडीचे दिवस होते, परिपाठ नुकता संपला होता, तेव्हा शेळी अस्वस्थ झाली. उठायची, बसायची, पायानं माती उकरायची. मी दोन मुलांची आई, पण मीच गुरुजींना हाका मारत सुटले. गुरुजींनी डॉक्टरांना फोन लावला, तर ते दुसऱ्या गावात. त्या मुलीचे वडील जवळच्याच रानात होते. हाक ऐकून आले. त्यांनी पोरांना अर्धगोलात लांब बसवलं. "कुनी बोलायचं न्हाय. तिला भ्या वाटतं," म्हणाले. आमच्या शाळेत इतकी शांतता मी शिक्षणाधिकारी आले तेव्हाही पाहिली नव्हती. आधी एक करडू आलं, थोड्या वेळानं दुसरं. पहिलं बोकड, दुसरी पाट, म्हणजे मादी. दुसरं करडू हालेना. त्यांनी त्याचं नाक-तोंड पुसलं, कोरड्या पोत्यानं अंग चोळलं, चोळतच राहिले. मग ते बारीक शिंकलं. सगळी पोरं एकदम ओरडली आणि शेळी दचकून उभी राहिली. त्या माणसानं मान वर करून पोरांकडं बघितलं आणि ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

संस्थेच्या ताई पाहणीला आल्या तेव्हा करडं अंगणभर उड्या मारत होती. ताई शहरातल्या, पण मोकळ्या. जमिनीवरच मांडी घालून बसल्या आणि एका करडानं त्यांची ओढणी चघळायला घेतली. त्यांनी तिसरीतल्या एका छोटीला विचारलं, "काय शिकलीस गं ह्या शेळीकडून?" मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिला भागाकार येतो, तक्ता काढता येतो, ते तिनं सांगावं. छोटी म्हणाली, "ती आपल्याला वळखती." ताई त्या करडाला मांडीवर घेऊन कुरवाळत बसल्या.

खरी परीक्षा त्यानंतर आली. बोकड मोठं झालं, देखणं झालं, आणि एका सकाळी एक व्यापारी फाटकाशी येऊन विचारून गेला. पहिली-दुसरीतली पोरं रडायला लागली. सरपंचांचा नातू म्हणाला, "विकायचं न्हाय म्हंजे न्हाय." त्यावर आमची पाचवीवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मग काय करनार? म्हातारं हुस्तोवर पाढे म्हनायला ठिवनार? बोकड इकत्यातच. आमचं घर त्याच्यावरच चालतंय. तुमी मटन खाताना रडता का?"

मला वाटलं होतं, तीच सगळ्यांत जास्त रडेल. मी दोन्ही बाजूंना मन मोकळं करू दिलं. रडणाऱ्यांना कुणी हसायचं नाही आणि तिला कुणी निर्दयी म्हणायचं नाही, एवढंच बजावलं. वाद दोन दिवस चालला. गणिताचा तास, भाषेचा तास, सगळ्यांत तोच विषय. मग चौथीतल्या एकानं विचारलं, "पर समदेच बोकड इकले तर करडं कशी हुतील? एखादं तर ठिवत असतील की."

पाचवीवाली थबकली. "ठिवत्यात," ती म्हणाली. "आमचं थकलंय आता. दादा दुसरं बघायलेत."

वडिलांना ती दादा म्हणायची. दुसऱ्या दिवशी दादा शाळेत आले. पोरांनी त्यांना मधोमध बसवलं आणि चक्क सौदा केला. शाळेचं बोकड त्यांच्या कळपात जाणार, बिजासाठी. त्याच्या बदल्यात पुढच्या वेतातली एक पाट शाळेला. खाटकाला द्यायचं नाही. महिन्यातून एकदा भेटायला आणायचं. ही शेवटची अट पहिलीवाल्यांची. दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "भेटायला कशाला आनायचं? तुमीच या की वाड्यावर," ते म्हणाले. "दूध पाजीन."

आणि खरंच, एका शनिवारी अख्खी शाळा त्यांच्या वाड्यावर गेली. काट्याकुट्यांच्या कुंपणाच्या आत, शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीत. बागायतदारांची पोरं तिथं याआधी कधी गेली नव्हती. दादा एकेक शेळी दाखवत होते, आजार सांगत होते, पाला ओळखायला लावत होते. त्यांची लेक सगळ्यांच्या पुढं, घरच्या मालकिणीच्या थाटात.

अनुदानाचं वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षी मिळालं नाही. संस्थेच्या नियमानं ते नव्या शाळेला जायला हवं होतं आणि ते मला पटलं. शेळी तशीच चालू राहिली. सुट्टीत ती आळीपाळीनं मुलांच्या घरी जाते, चारा गावातून येतो. गुरुजी निवृत्त झाले. आता त्यांच्या जागी तरुण सर आलेत. त्यांना शेळीची थोडी भीती वाटते, मुलं त्यांना सांभाळून घेतात.

मला काळजी होती ती पाचवीनंतरची. आमच्या गावातल्या मुलींची शाळा बहुतेक तिथंच संपायची. पण आमच्या पाचवीवालीची पाचवी झाली त्या जूनमध्ये, एक दिवस शाळा सुटायच्या सुमारास दादा आले, फाटकाशी चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, पोरीला परंड्याला घालायचीय. एसटीचा पास कुठं मिळतो? म्या कधी काडला न्हाय."

"चला, मी येते," म्हटलं. "आणि शेळ्या कोण बघणार?"

"म्या हाय, तिची आई हाय. आमाला येतंच की."

आम्ही दोघं परंड्याच्या स्टँडवर जाऊन रांगेत उभे राहिलो. पास हातात आल्यावर त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि खिशात ठेवून वरून हात दाबला.

आता सकाळी शाळेकडं येताना फाट्यावर मला मुलींचा घोळका दिसतो. ती त्यांच्यात असते, निळ्या गणवेशात, दप्तर एका खांद्यावर, हातवारे करून काहीतरी जोरजोरात सांगत. परवा मी स्कूटी हळू केली, हॉर्न वाजवला. तिनं बघितलंच नाही. बस येत होती आणि तिची गोष्ट अजून संपायची होती. मी थोडा वेळ थांबले, बस सुटेपर्यंत, आणि मग शाळेकडं वळले.