ढब्बूचं माप

माझ्या नणंदेचे दंड बघायला हल्ली दुकानात बायका येतात. कपडे घ्यायला आलोय असं म्हणतात, पण मला काय डोळे नाहीत? आत शिरायचं, टांगलेल्या दोन-चार कपड्यांवरून हात फिरवल्यासारखं करायचं आणि मग नजर बरोबर ढब्बूवर. ती वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढायला हात वर करते, तेव्हा गप्पा थांबतात. बाहीखालून तो गोळा वर येतो आणि परत खाली जातो. परवा एकीने मला विचारलं, "हात लावून बघू का हो?" मला विचारलं! जशी काही मी त्या दंडांची मालकीण.

ढब्बू हे तिचं घरातलं नाव. जन्मली तीच गुटगुटीत, म्हणून तिच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, ते ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती शाळेत जात होती आणि दोन खुर्च्यांमधून अंग तिरकं करून जायची. पुढे शिक्षण झालं. नोकरीसाठी मुलाखतींना गेली, तर समोरचा आधी तिच्याकडे बघायचा आणि मग खुर्चीकडे. शेवटी मीच म्हटलं, रडत बसू नकोस, माझ्याबरोबर दुकानात ये.

आमचं दुकान अंगाने मोठ्या असलेल्या बायकांच्या कपड्यांचं. बाजारात जाड बाईला जे मिळतं ना, तो बारीक बाईचाच कपडा चारी बाजूंनी फुगवलेला असतो. खांदे कोपरापर्यंत उतरतात आणि पोटावरचं बटण मात्र लागत नाही. आमच्याकडे तसं चालत नसे. मी कापायचे ते ढब्बूच्या अंगावर. नवा नमुना कच्च्या टाक्यांनी जोडला की आधी तो ती घालायची. मी म्हणायचे, बस. वाक. हात वर कर, बसमधला दांडा धरलाय असं समज. जिथे ओढलं जाईल तिथे खडूची रेघ मारायची, उसवायचं, परत जोडायचं. तिला नीट बसलेला कपडा थोडा कमीजास्त केला की कुठल्याही जाड बाईला बसायचा. आमचं नाव झालं ते त्यामुळे.

आता मी काही बारीक नाही. तसं मी कधी म्हटलंही नाही. पण ढब्बूशेजारी उभी राहिले की मी नुसती अंगाने भरलेली दिसायचे. "त्यामानाने तुमची तब्येत बरी आहे हो," असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि त्या 'त्यामानाने'वर मी कित्येक वर्षं सुखात काढली. फोटो काढायची वेळ आली की मी तिच्या बाजूला, खरं तर अर्धी तिच्या मागे, जाऊन उभी राहायचे.

मग एका दुपारी ती गुडघ्यांवर बसून बँकेतल्या बाईंच्या पँटला खालून टाचण्या लावत होती. बँकेतल्या बाई म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. टाचण्या लावून झाल्या आणि ढब्बूला उठता येईना. तिने खुर्ची धरली, ती सरकली. मग एका बाजूने बाईंनी आणि दुसऱ्या बाजूने मी धरून तिला वर ओढलं. सगळे हसले. तीही हसली. मला तर हसू आवरेना.

त्या संध्याकाळी तिने चहा तसाच ठेवला आणि मला विचारलं, "वहिनी, त्या टायरवाल्याच्या वर जिम आहे ना, ते किती वाजता बंद होतं?"

मी म्हटलं, "जा की. महिनाभर हौस कर."

तिथल्या मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी लोखंडाला हातही लावू दिला नाही म्हणे. एका लाकडी खोक्यावर बसवलं आणि सांगितलं, हात न टेकता उठा. एवढंच. ते जमायला तिला बरेच दिवस लागले. मग हातात काठी आली, मग रिकामी लोखंडी दांडी, मग दांडीला चकत्या. हे सगळं ती मला सकाळी दुकान उघडल्या उघडल्या सांगायची. मी मुद्दाम शिवणयंत्र सुरू करायचे, तर ती आवाज चढवून सांगायची. "वहिनी, काल मी जमिनीवरून उठले! कशालाही न धरता!" काय तो आनंद. लहान मूल चालायला लागलं तरी इतका गाजावाजा होत नाही.

वजन उतरायला लागलं ते आधी चेहऱ्यावरून. मग मान दिसली. तिला मान आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. मध्येच काटा अडून बसला, काही केल्या हलेना, आणि ती हिरमुसली. त्या काळात मी तिच्याशी फार प्रेमाने वागले. रोज बेकरीतून केक आणायचे. ती एक तुकडा चवीने खायची आणि उरलेला गिऱ्हाइकांना वाटून टाकायची. माझ्या केकवर माझ्याच दुकानात तिचं कौतुक! मग मी दुसरा मार्ग धरला. "चेहरा किती उतरलाय गं तुझा. रक्त तरी तपासून घे." ती लगेच जाऊन तपासून आली. सगळं उत्तम. साखरसुद्धा खाली आलेली. "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं," म्हणाली. म्हणजे ते श्रेयही तिने मला देऊन टाकलं, आणि ते घेऊन मी काय करू?

एक दिवस मात्र तिने मला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि सदरा वर केला. पोटाची कातडी उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबत होती. "ही आता जाणार नाही म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. मी "अगंबाई!" म्हणून गालावर हात ठेवला आणि आतून मला उकळ्या फुटत होत्या. देवाने कुठेतरी हिशेब ठेवलाय म्हणायचा. तेवढ्यात तिने माझा हात धरून त्या कातडीवर दाबला. "असू दे मेली. खाली हात लावून बघा." मी बघितलं. खाली दगड होता. तिचा तळहातही माझ्या हाताला खरखरीत लागला, घट्टे पडले होते.

पण खरी आग लागली ती तागे आले त्या दिवशी. पूर्वी टेम्पोतून कापड आलं की हमाल बोलवायला लागायचा. त्या दिवशी ढब्बूने एकेक तागा खांद्यावर टाकून जिन्याने वर नेला, आणि आमचे हे खाली उभे राहून बघत राहिले. "अगं, बघ तरी ढब्बूकडे!" हे मला म्हणतात. मी केस निम्मे कापून आले तेव्हा तिसऱ्या दिवशी "काही बदललंय का गं?" असं विचारणारा हा माणूस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रीचं जेवण मी त्यांच्यापुढे आदळलं, तर म्हणतात, "तुला बरं नाही का?"

पोटात दुखत होतं हे एक वेळ चाललं असतं. पण आता दुकानाच्याही पोटावर पाय आला. बँकेतल्या बाईंचा निवृत्तीचा कार्यक्रम जवळ आला होता. नवं जॅकेट शिवायचं ठरलं होतं, कापडही निवडून झालं होतं. त्या आल्या, ढब्बूशी अंडी किती आणि कशी खायची यावर तासभर बोलल्या आणि कापड परत घडी करून म्हणाल्या, "आता बारीक झाल्यावरच शिवते." त्यांच्यामागून हे वाक्य साथीसारखं पसरलं. जी येईल ती म्हणे, बारीक झाल्यावर. कपडे हँगरला लटकत राहिले. टायरवाला येऊन जागेची चौकशी करून गेला.

"तुझ्या दंडांनी माझं दुकान खाल्लं," मी एकदा तोंडावर बोलले. ढब्बू खाली मान घालून काज्यांचे टाके घालत राहिली.

त्यात एका मोठ्या इस्पितळाचं काम आलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बऱ्याच बायका कामाला होत्या, सगळ्या अंगापिंडाने चांगल्या. त्यांना कोट हवे होते. वाकून पातेलं उचललं तरी पाठीत ओढू नये, हात वर केला तरी काखेत उसवू नये. एक कोट करून दाखवा, पसंत पडला तर सगळं काम तुमचं, असं तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या. हे काम मिळालं तर दुकान राहणार होतं. नाहीतर टायरवाला टपलेलाच होता.

मी ढब्बूच्या जुन्या मापाचा कागद काढला आणि त्यावरून कोट कापला. कच्च्या टाक्यांनी जोडला. आणि मग कळलं की घालायला अंग कुठे आहे? ढब्बूने घातला तर कोट तिच्याभोवती गरगर फिरला. पुतळ्याला उशा बांधून बघितल्या. उभा छान राहिला, पण पुतळ्याला वाक म्हणून कोण सांगणार? बँकेतल्या बाईंना बोलवावं, तर त्या स्वतःच मास्तरांच्या खोक्यावर उठबशा काढत होत्या.

"वहिनी, तुम्ही घाला," ढब्बू म्हणाली.

"मला कसा होईल? तुझ्या जुन्या मापाचा आहे. पोहेन मी त्यात."

"घाला तर."

मी आत गेले. खरं सांगायचं तर मजेतच गेले. ढगळ कोट मुठीत धरून बाहेर यायचं आणि म्हणायचं, बघ बाई, केवढी होतीस तू! हे वाक्यसुद्धा मनात तयार होतं. माझे स्वतःचे कपडे मी अंदाजाने कापते, ऐसपैस. स्वतःला टेप लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, म्हणजे मी येऊ दिली नव्हती.

वरचं बटण लागलं. दुसरं लागलं. पोटावरचं लागेना. मी श्वास आत घेतला तेव्हा कुठे ते लागलं आणि काजं ताणलं गेलं.

बाहेर आले तर ढब्बू खडू घेऊन तयार होती. माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यांवर बसली. "इथे दोन बोटं सोडू या," म्हणाली. गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, हळू, नजर कापडावर ठेवून, जणू चूक कापडाची आहे. तसं बोलायला तिला मीच शिकवलं होतं.

"मी चुकून दुसरा कागद घेतला का गं?"

"नाही वहिनी. माझाच आहे."

"तुला माहीत होतं?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. "हं."

"कधीपासून?"

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. "दुकानात आले तेव्हापासून. तुमचे कपडे वाळत घालते ना मी. माझे कुठले, तुमचे कुठले, मला कळायचं नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? लोक तुला हसायचे. मी हसायचे!"

"घरात एक ढब्बू पुरे होती की," ती म्हणाली आणि हात न टेकता उठली. "आता हात वर करा."

मी हात वर केला. काखेत ओढलं. तिने रेघ मारली, मला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाली, वाका. मी वाकले. तोंडाला येईल ते बडबडत होते, कापडाला दोष देत होते, आणि ती "हो ना" म्हणत होती.

कोट घेऊन आम्ही दोघी इस्पितळात गेलो. तिथल्या सगळ्यात जाड बाईने तो घातला, वाकली, पातेलं उचललं, वरच्या कप्प्यातलं भांडं काढलं. कोट कुठे हललासुद्धा नाही. मॅनेजरबाईंनी तो उलटून पालटून बघितला, मग आम्हा दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "इतकं बरोबर कसं जमलं? कुणाच्या अंगावर बसवलात हा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ढब्बू म्हणाली, "माझ्या. आधी मी फार जाड होते."

सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. बारीक कशी झालीस, काय खातेस, दंड दाखव. काम आम्हाला मिळालं होतं, दुकान राहिलं होतं. आणि मी नेहमीसारखी अर्धी तिच्या मागे उभी राहिले. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी टेप काढून दोघींचं माप सगळ्यांना दाखवलं असतं. आजवर मी तिच्यावर पुष्कळ जळले, पण त्या स्वयंपाकघरात जितकी जळले तितकी कधीच नाही.