नऊ वासरांची खेप

गुरांच्या तळावर पाहुणा आला की अदाऊ म्हातारी त्याच्या हातात दुधानं भरलेला भोपळा देई आणि पुराचं सुरू करी. "माझ्या लेकानं एका खेपेत नऊ वासरं काढली! होडक्याच्या काठाला पाणी लागलं होतं, पण गड्याचा हात हलला नाही!"

मागोक तेव्हा उठून शेणाची धुनी सारखी करायला जाई.

अदाऊ त्याची सावत्र आई. सख्खी आई तापानं गेली तेव्हा तो रांगत होता. अदाऊनं स्वतःच्या मुलीआधी त्याला पाजलं होतं. त्याच अदाऊला पुराच्या वर्षी तो उंचवट्यावर ठेवून गेला. मोठी गुरं पोहत पुढे गेली होती. मागे राहिली होती वासरं, अदाऊ आणि एक होडकं. "लगेच येतो, आई," म्हणत त्यानं वासरं भरली. परतताना लव्हाळ्याचं तरंगतं बेट येऊन वाटेत अडकलं. ते कापत पोचायला चार दिवस लागले. अदाऊ मांडीभर पाण्यात, खुंटा धरून उभी होती. पायांची कातडी सडली होती. ती जगली, पण पुन्हा धड चालली नाही.

वासरं मोठी झाली. ती अकुओलच्या माहेरी देज म्हणून देऊन मागोकचं तिच्याशी लग्न झालं. लग्नात अदाऊ बसल्या जागेवरून गायली.

यंदा पाणी ओसरलं तसा तळ नदीकडे हलला. मागोकनं म्हातारीला पाठीवर घेतलं. वाटेत अकुओलचा भाऊ भेटला आणि पाठीवरूनच हिचं सुरू झालं, "माझ्या लेकानं एका खेपेत..."

"बास कर, आई!" मागोक ओरडला. मेहुणा चपापून पुढे निघून गेला.

"काय रे? बायकोनं सकाळी दूध दिलं नाही का?"

"दोन वासरं उतरवली असती तर तू बसली असतीस. मला कळत होतं. पण मला लग्नाची घाई होती."

 म्हातारीचा श्वास त्याच्या मानेला लागत होता.

"मला काय डोळे नव्हते?" ती म्हणाली. "वासरं मीच तर चढवून देत होते. प्रत्येक वासरामागे वाटायचं, आता म्हणेल, आई, तू बस."

"मग जगाला माझं कौतुक कशाला सांगतेस?"

"दुसरं काय सांगू? लेकानं टाकलेली बाई म्हणून बसू लोकांत? तुझं कौतुक केलं की निदान शूराची आई तरी होते."

मागोकचे पाय जागीच थांबले.

"चल, उभा राहू नकोस. पाय लोंबून दुखतात माझे."

नव्या तळावर पोचल्यावर त्यानं अकुओलला सगळं सांगितलं. तिच्याच माहेरच्या गोठ्यात ती गुरं गेली होती. ती ऐकत राहिली, मग उठली आणि लोण्याचं भांडं घेऊन सासूच्या पायांशी जाऊन बसली. 

म्हातारीनं ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही. सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी मागोकची समजूत होती. तसं काही झालं नाही. अकुओल आता सकाळचं पहिलं दूध सासूला देते. मागोकला उरेल ते मिळतं. तो मुकाट्यानं पितो.