धाकटी जाऊ खुजी झाली ते वर्ष

माझी धाकटी जाऊ चार वर्षांत चार बोटं खुजी झाली आणि पुढच्या चार वर्षांत पुन्हा होती तेवढी उंच झाली. कागदावर झाली, आणि ते माझ्यामुळे झालं. त्या दिवसाची धांदल आठवली की मला अजून एका जागी बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेली आहे. लिहिता येतं, सजवता येत नाही.

आमच्या गावाचा बाजार वडवणीचा. एका दुष्काळात सगळ्यांची जनावरं छावणीत होती. दिवसभर तिथं बसून बायकांनी नुसतं काय करायचं? शेण काढता काढता आम्ही दूध संस्था काढली, आणि माझा आवाज मोठा म्हणून मला चेअरमन केलं. संस्था रांगेला लागली तेव्हा पुण्याहून एक मॅडम आपली माणसं घेऊन आल्या. आमच्यासारख्या बायकांचं आयुष्य पुढं कसं कसं जातं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून काही बायका निवडल्या. दर चार वर्षांनी याच बायकांकडे यायचं, तेच प्रश्न विचारायचे, उंची, वजन आणि हाताची पकड मोजायची.

"असं कुठवर?" मी विचारलं.

"मरेपर्यंत, मावशी."

"कुणाच्या?"

"बघू, आधी कोण जातंय ते."

तिथंच मला बाई आवडली.

चिठ्ठी माझीही निघाली आणि धाकट्या जावेचीही. एकेकीला संस्थेच्या खोलीत बोलवायचे, दार लावून घ्यायचे. मला विचारलं, दहा वर्षांनी कुठं असाल? मी म्हटलं, "इथंच, न्हाईतर मसणात." पाच-दहा मिनिटांत माझं उरकलं. धाकटी मात्र आत गेली ती बाहेरच येईना. आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"एवढं काय विचारत होते गं?"

"मला काय पाहिजे ते विचारलं, आक्का."

"मग?"

"सांगताच येईना. असं कुणी इचारलंच न्हाई कधी. पुढच्या बारीला सांगते म्हणलं."

मी हसले. ती हसली नाही. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला कारखान्याला जायची, ती थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर परत यायची. तोवर तिची म्हैस मी सांभाळायची आणि दूध तिच्या नावावर घालायची. परत आली की ट्रॅक्टरमधून उतरता उतरता तिचा पहिला प्रश्न, "ते लोक येऊन गेले का?"

चौथ्या वर्षी ते लोक आले, पण आले पौषात. निम्म्या गावाला कुलपं. मॅडम आजारी होत्या, म्हणून दुसरीच बाई आली होती आणि ती कुणाला ओळखत नव्हती. ती यादी वाचायला लागली आणि धाकटीचं नाव आलं. मी म्हटलं, "हजर!"

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते सांगते. दुष्काळी कामावर खडी फोडायला आम्ही जायचो तेव्हा हजेरीला घरातलं कुणीही 'हजर' म्हणायचं. सासू आजारी असली तर सून म्हणायची, सून बाळंतीण असली तर नणंद म्हणायची. मुकादमाला डोकी मोजायची असत, तोंड बघायचं नसे. नाव रिकामं गेलं की गेलं, हे आमच्या हाडात बसलेलं. शिवाय त्या बाईनं आधीच सांगितलं होतं, जी सापडणार नाही तिचं नाव बहुतेक गळेल. धाकटीचं नाव मी कशी गळू देईन? मी सकाळी माझ्या नावानं बसले आणि दुपारी लुगडं बदलून, डोक्यावरून पदर ओढून तिच्या नावानं बसले. उंची दिली, वजन दिलं, सगळी उत्तरं दिली. धाकटी आल्यावर तिला एवढंच म्हटलं, "तुझं नाव हाय. काळजी करू नको." तिला वाटलं, पुढच्या खेपेपर्यंत थांबलेत आपल्यासाठी.

पुढच्या खेपेला मॅडम स्वतः आल्या आणि पट्टा पडल्यावर आल्या. येताना मागचे कागद घेऊन आल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. उंची मोजणाऱ्या पोरीनं पट्टी बघितली, कागद बघितला. म्हणाली, "चपला काढा." चपला नव्हत्याच. म्हणाली, "अंबाडा सोडा." सोडला. मग तिनं पट्टी बदलली. खोलीत बायकांची ही गर्दी झाली! एकजण म्हणाली, "चाळिशीत वाढती का गं बाई?" दुसरी म्हणाली, "ऊस खाऊन वाढली असंल." जिला तिला भिंतीला उभं राहून बघायचं होतं.

मॅडमनी तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि माझ्याकडे बघितलं. मी धाकटीपेक्षा चार बोटं बुटकी.

"मीच बसले होते," मी म्हटलं. "लपवून काय करू?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. बाकीच्या बायकांना बाहेर घालवलं. म्हणाल्या, "मावशी, मी माणूस बघायला येते, हजेरी घ्यायला नाही. यांची ती चार वर्षं गेली. आता यांना ठेवता येईल का, तेच मला ठरवावं लागेल."

धाकटी पुढं सरकली. म्हणाली, "माझ्या नावावर हिनं काय काय सांगितलं ते वाचा."

"यांच्यासमोर?"

"हिच्यासमोरच."

मॅडम वाचायला लागल्या. अडचणीत आधार कुणाचा? "माझ्या थोरल्या जावेचा."

"सोताचीच आरती केली का, आक्का!" धाकटी ओरडली. "मी म्हशीचं नाव घेतलं असतं."

मला हसू आवरेना, मॅडमनाही. पण पुढचा प्रश्न आला, तुम्हाला काय पाहिजे? उत्तर, "दुसरी म्हैस."

धाकटी हसायची थांबली. "मी मॅडमला सबूद दिला होता, पुढच्या बारीला सांगते म्हणून. चार वर्सं उसाच्या फडात मी त्येच ठरवत होते. आन तुमी दुसरी म्हैस सांगून मोकळ्या झाल्या. मला इचारलं तरी होतं का?"

नाव राखलं म्हणून मी चार वर्षं फुशारकीत होते. त्या नावाच्या आतलं माणूस मी विचारातच घेतलं नव्हतं.

ती मॅडमकडे वळली. "तो कागद फाडा. मला काढू नका. माझं उत्तर तयार हाय."

"कागद फाडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि कोपऱ्यात कारण लिहिलं. मग पहिल्या खेपेचा कागद पुन्हा वाचला. शेवटी त्यांनी कोरा कागद काढला. "ती चार वर्षं रिकामीच राहतील. पण पहिली खेप तुमची आहे आणि आजची तुमची आहे. सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

मी उठायला लागले. धाकटीनं माझा पदर धरून खाली बसवलं.

"उसाचा कोयता खाली ठेवायचाय," ती म्हणाली. "बारा महिने गावात ऱ्हायचंय. आन संस्थेची चेअरमन व्हायचंय."

"चेअरमन मी हाय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय की."

"मी खुर्ची सोडणार न्हाई."

"सोडू नका. मी घेते."

मॅडम भराभर लिहीत होत्या. मला राग यायला पाहिजे होता. खरं सांगते, इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. त्या वर्षीच्या निवडणुकीत आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. एकाच चुलीवर भाकरी करायचो आणि दारोदार एकमेकींच्या चुका सांगत फिरायचो.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा खुर्चीत धाकटी होती आणि मी दुधाची चरवी घेऊन रांगेत होते. मॅडमनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "गेल्या चार वर्षांत तुमच्या आयुष्यात काय बदललं?"

"बाहेर दिसलं न्हाई का?" मी म्हटलं, आणि मग दोन तास बोलत बसले.