सायप्रस पाइनचं देवघर

माझे सासरे, म्हणजे बाबा, अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या घरात शिरले ते स्टीलचा डबा छातीशी धरूनच. डब्यात घरचे देव होते. नागपूरचं घर विकलं होतं, त्यामुळे आता देव इथेच राहणार होते. पण राहणार कुठे? मी हौसेनं मागवलेलं देवघर वाळवीनं आतून पोखरलं होतं. बाबांनी बोट लावलं आणि खांबाचा भुगा झाला. जॉर्जियातली वाळवी काय चीज आहे, ते इथे घर घेतल्याशिवाय कळत नाही!

बाबांनी डबा किचनच्या वरच्या शेल्फवर ठेवला. म्हणाले, "सागवानाचं मिळेपर्यंत देव डब्यातच." रोज आंघोळ करून ते त्या बंद डब्यालाच फूल वाहायचे. मला ते बघवेना.

"मी करते देवघर," मी म्हटलं. ऑफिसनंतर गॅरेजमध्ये सुतारकाम करणं हा माझा जुना नाद. आमचं डायनिंग टेबल माझ्याच हातचं आहे.

"देवघर म्हणजे टेबल नव्हे, सूनबाई."

झालं! माझं डोकंच फिरलं. आता तर करणारच, म्हटलं.

फ्लोरिडातल्या माझ्या टीममेटच्या अंगणातला सायप्रस पाइन वादळात पडला होता आणि त्यानं फळ्या काढून नीट वाळवून ठेवल्या होत्या. मी आणि माझी लेक ड्राइव्ह करून त्या घेऊन आलो. हे झाड मूळचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण रानातलं. पानं इतकी बारीक की खवलेच वाटतात, डहाळीभोवती तीन-तीनच्या वेढ्यात घट्ट चिकटलेली. फळ गोटीएवढं, वाळलं की सहा पाकळ्यांनी उघडतं. त्याच्या सालीतून आणि लाकडातून चक्क निळं तेल काढतात. आणि मुख्य म्हणजे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तिकडे घरांना, खांबांना हेच लाकूड वापरत आलेत. हे सगळं मी बाबांना जेवताना ऐकवलं. ते म्हणाले, "भात वाढ."

पण रंधा फिरायला लागला तसा कापरासारखा वास घरभर पसरला. बाबा खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात बसू लागले. "गाठी फार आहेत याला," असं कुरकुरायचे, आणि त्याच गाठींवरून हात फिरवायचे. मला सगळं दिसत होतं बरं का.

देवघर उभं राहिलं त्या दिवशी मी पॉलिश आणायला गेले. परत येते तर बाबांच्या हातात हातोडा! नागपूरहून आणलेली पितळी घंटा टांगायला त्यांनी कमानीच्या पट्टीत खिळा ठोकला होता. हे लाकूड ठिसूळ. आधी भोक पाडल्याशिवाय खिळा मारला की फाटतंच. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलली होती.

"अहो बाबा, विचारायचं तरी!" मी ओरडलेच. "आजोबा, ओह नो," लेक म्हणाली.

बाबांनी हातोडा खाली ठेवला. "भंगलं," ते म्हणाले. "भंगलेल्यात देव बसवत नाहीत." आणि आत जाऊन त्यांनी तो डबा शेल्फवर आणखी मागे सरकवला. माझा राग तिथल्या तिथे विरला. हौसेनं केलं होतं हो त्यांनी!

"पट्टी भंगली, देवघर नाही," मी म्हटलं. "चला, धरा इकडून."

खणासाठी राखलेली एकच फळी उरली होती. तीच कापली. खण गेला तर गेला. बाबांनी दोन्ही हातांनी पट्टी धरली. मी स्क्रू उचलला, तर तेच दटावून म्हणाले, "आधी भोक पाड!" मग ड्रिल मागून घेतलं. "किती खोल? दाखव." मी दाखवलं. घंटेचं भोक त्यांनी स्वतः पाडलं, श्वास रोखून.

तेवढ्यात नागपूरहून आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सागवान मिळालं का, त्यांनी विचारलं.

"सागवान? हॅट्! सागवान कुणीही आणतं. हे बघ, आमच्या सूनबाईनं केलंय," म्हणत बाबांनी फोन देवघराच्या चारी बाजूंनी फिरवला. मी आपली भुसा झाडत उभी. अभिमानानं नुसती फुगले होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी डबा खाली काढला. त्यांच्या घरात देव बसवायचा मान थोरल्या पुरुषाचा. बायकांनी लांबून नमस्कार करायचा. मी पदर सावरून मागे उभी राहिले.

बाबांनी डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"घर तू बांधलंस," ते म्हणाले. "तूच बसव."