न मिटलेला चेंडू

कोऱ्या सोलापुरी चादरीला खळीचा एक करकरीत वास असतो; तो नाकात शिरला की माझे हात आपसूक सुई शोधू लागतात. परवा चादरीचे तुकडे मांडीवर घेतले आणि त्या वासासरशी समोर येऊन बसली ती मी, पहिलटकरणीच्या तोऱ्यातली, अकलेपेक्षा बांगड्याच जास्त वाजणारी!

त्या शहाणीने बाळासाठी कापडी चेंडू शिवायला घेतला होता. सगळे तुकडे षट्कोनी, मधाच्या पोळ्यासारखे देखणे. पण जोडावेत तितके ते सपाटच पसरत गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "चेंडू कुटं हाय ह्यो? भाकरी हाय की. टाक तव्यावर." मी ताठ मानेने सांगितलं, हा रेडिओवर घालायचा रुमालच आहे. मग तो वर्षानुवर्षं रेडिओवर मिरवला, माझ्या पराभवाची पताका होऊन.

आता रविवारवर पणतीचं बारसं आलेलं, आणि माझ्या मांडीवर पुन्हा भाकरीच. नात रेवती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते; बाळाला थोपटता थोपटता तिने फोनवर एका विषाणूचं चित्र दाखवलं. "आज्जी, नुसत्या सहा कोनांनी गोल मिटत न्हाय. मधेमधे पाच कोनांचे घाल की. बारा लागतात."

काय ते कवच! आत जनुकांचा इवलासा धागा. त्यावर लिहायला जागा किती तोकडी, म्हणून प्रथिनाचा एकच साचा पुन्हा पुन्हा वापरायचा. त्याचे कुठे सहा-सहाचे, कुठे पाच-पाचचे घोळके सुईवाचून एकमेकांत गुंततात आणि पोकळी अलगद मिटते. ज्याला धड सजीवही म्हणवत नाही, त्या कणाला उमगलेलं मॅट्रिक झालेल्या सुनेला उमगू नये? एक कोपरा सोडावा, तेव्हा सपाटीला वळण येतं. मी तर त्या वयात एकही कोपरा सोडणाऱ्यातली नव्हते!

बारावा पंचकोन बसवण्याआधी आत काय भरलं असेल? तोच जीर्ण रुमाल. कवच नवं, आतला धागा जुना.

बारशाला पाळण्यातून चेंडू निसटला, गोल, अगदी गोल घरंगळत आत्याबाईंच्या तसबिरीखाली जाऊन थांबला. उचलायला वाकले, तर खळीचा तोच करकरीत वास. हळूच म्हटलं, "आत्याबाई, टाका आता तव्यावर."