स्टोअरकाकांची अंधारी स्क्रीन

कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे स्टोअरकाका ओढून गेटपर्यंत जात आणि कुलपाला गाफील गाठायचं असल्यासारखे परत येऊन पुन्हा ओढत. मोरिवलीच्या आमच्या कारखान्यात नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यांपर्यंत सगळा माल त्यांच्या ताब्यात असे. मी शेजारच्या खोलीत बिलं करायचे. माल आला असं सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "तू म्हनतेस. मी बघितला नाय." मग ते स्वतः जाऊन बघत.

शेठनी ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून घेतली आणि काकांची झोप उडाली. उल्हासनगरहून आलेला कॉम्प्युटरवाला त्यांना समजावत होता, "अंकल, फ्री है, व्हायरस का भी टेन्शन नहीं." काकांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "फुकट देतो म्हंजे हा आपल्याला बघत बसनार." त्याच दिवशी त्यांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर इन्सुलेशन टेप चिकटवली.

लवकरच तक्रार आली, कुणीतरी त्यांची स्क्रीन मंद करतं. मला हसू आलं, पण गोष्ट खोटी नव्हती. काका माल मोजायला रॅककडे वळले की कीबोर्डला हात लागत नसे, आणि लॅपटॉप वीज वाचवायला स्क्रीन आपोआप मंद करी. मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. वरच्या कोपऱ्यातली, सूर्याचं चिन्ह असलेली पट्टी दाखवून म्हटलं, ही उजवीकडे सरकवली की उजेड वाढतो. काकांनी हात मागे घेतला. हात लावला की उद्या बिघडलं की आपलंच नाव येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पट्टी सरकवायचं काम माझ्याकडे आलं.

पट्टी टोकाला जाऊन टेकली तरी काकांची स्क्रीन अंधारीच. त्यांचा संशय आधी शिपायावर गेला, मग नव्या सुपरवायझरवर. शेवटी ते माझ्याकडेही तिरकं बघू लागले आणि मला रागच आला. पण खरं सांगायचं तर शंका मलाही येत होती. काकांनी कंटाळून नोकरी सोडावी म्हणून कुणी हे मुद्दाम करत नसेल ना? एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसले. स्क्रीनच्या उजेडाने डोळे दिपले, समोर बघवेना. म्हणजे अंधार स्क्रीनमध्ये नव्हताच.

नुसतं सांगून त्यांना पटणार नव्हतं. ते आल्यावर मी म्हटलं, "काका, चोर पकडायचाय ना? एकेक डोळा झाकून बघा."

चोर म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. डावा झाकला, उजवा झाकला, पुन्हा डावा, कुलूप ओढून बघावं तसं. मग डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"म्हंजे चोर घरातलाच," ते हळूच म्हणाले.

काचबिंदू होता. बदलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजव्याची उरलेली औषधांनी टिकवू; आधी यायला हवं होतं. सगळ्या कारखान्यावर पाळत ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा संशय कधी आलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शेठ थांबा म्हणत होते, तरी काकांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि ती पट्टी कुठे असते ते विचारलं. मी त्यांचा हात धरून माऊसचा बाण तिथवर नेला. त्यांनी पट्टी स्वतः डावीकडे सरकवली. नव्या माणसाच्या डोळ्यांना त्रास नको म्हणाले. पट्टी मध्यावर आली तेव्हा त्यांना बहुधा काहीच दिसत नसावं.

"आता बरोबर हाय?"

"हो काका, बरोबर आहे."

आता ते वाकून बघतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते वाकले नाहीत.

"तू म्हनतेस ना, मग असंल," एवढंच म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

स्टोअरला कुलूप मी लावलं. ते न ओढताच काका गेटबाहेर पडले, चिखलोलीच्या घरी जायला. मग मीच गेटपासून परत येऊन ओढून बघितलं, आणि तिथे उभ्याउभ्या मला रडू आलं.